प्रयोगशाळेतल्या उपकरणांचे आकार असे का असतात?

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात काही सूचना वर्षानुवर्षे त्याच शब्दांत सांगितल्या जातात. ब्युरेट (खाली तोटी असलेली, खुणांची लांब नळी) आधी तिच्यात भरायच्या द्रावणाने विसळा, शंकूपात्र मात्र नुसत्या पाण्याने. पिपेटच्या (द्रवाचे ठरावीक माप ओढून सोडायच्या नळीच्या) टोकाशी उरलेला थेंब फुंकू नका. वायू गोळा करून झाला की आधी नळी पाण्याबाहेर काढा, बर्नर नंतर बंद करा. मुले या सूचना वहीत उतरवतात, पाठ करतात, तोंडी परीक्षेत धडाधड म्हणून दाखवतात आणि परीक्षा संपली की विसरून जातात. याचे मला मनापासून वाईट वाटते. यातली एकही सूचना पाठ करायची गरज नाही. उपकरण हातात घेऊन ते असेच का घडवले आहे, एवढे विचारले की सूचना आपोआप सुचते. म्हणून या लेखात उपकरणांची यादी देण्यापेक्षा त्यांच्या घडणीबद्दल बोलू.

काच, पण कोणती?

प्रयोगशाळेतली बहुतेक भांडी काचेची असतात, आणि त्याला कारण आहे. काचेतून आतले दिसते: रंग बदलला, बुडबुडे आले, साका खाली बसला, सगळे डोळ्यांसमोर घडते. बहुतेक रसायनांचा काचेवर परिणाम होत नाही आणि ती धुऊन पूर्ण स्वच्छ करता येते. अडचण येते ती उष्णतेची. साध्या काचेचे जाड भांडे ज्योतीवर धरले की बाहेरचा थर तापून प्रसरण पावतो, आतला थर अजून थंडच असतो. एकाच भिंतीचा एक भाग ताणला जातो आणि दुसरा जागचा हलत नाही. ही ओढाताण काचेला सोसत नाही आणि ती तडकते.

यावर उपाय निघाला तो काचेच्या घटकांत बदल करून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या येना शहरात ऑटो शॉट यांनी काचेत बोरॉनचे ऑक्साइड मिसळून बोरोसिलिकेट काच तयार केली. पुढे १९१५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने अशीच काच पायरेक्स या नावाने बाजारात आणली. या काचेचे वैशिष्ट्य असे की ती तापल्यावर फारच थोडी फुगते. एक मीटर लांबीची साध्या काचेची कांडी १०० अंश सेल्सिअसने तापवली, तर ती साधारण ०.९ मिलिमीटरने लांब होते. बोरोसिलिकेटची तेवढीच कांडी जेमतेम ०.३३ मिलिमीटरने वाढते. फुगणेच कमी, म्हणून आतली ओढाताणही कमी.

तरीही ही काच अभेद्य नाही. ज्योतीवरून उतरवलेले चंचुपात्र ओल्या ओट्यावर टेकवले, तर बोरोसिलिकेटही तडकू शकते. शिवाय भिंतीची जाडी महत्त्वाची. जाड काच मजबूत, म्हणून ती उष्णताही जास्त सोसेल असे वाटते, पण घडते उलटेच. पातळ भिंत दोन्ही बाजूंनी जवळजवळ एकाच वेळी तापते. जाड भिंतीत आत आणि बाहेर तापमानाचा फरक पडतो. परीक्षानळी आणि चंचुपात्र पातळ असतात ते याचसाठी. मोजपात्र आणि रसायनांच्या बाटल्या जाड असतात, कारण त्यांना धक्के सोसायचे असतात, ज्योत नाही. त्यामुळे मोजपात्र कधीच तापवायचे नाही.

आता आकार. चंचुपात्राला रुंद तोंड आणि ओतायला चोच असते. ते हे ठेवणे, ते मिसळणे, हे तापवणे, ते ओतणे, अशा सगळ्या किरकोळ कामांचे भांडे आहे. शंकूपात्र वर निमुळते होत जाते. हा आकार जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल एर्लेनमायर यांनी १८६० च्या सुमारास रूढ केला. मनगटाला हलका झोका देऊन आतला द्रव गोल फिरवला, तरी तो बाहेर उडत नाही, कारण वर जाणारी भिंत आतच वळलेली असते. चंचुपात्रात हाच झोका दिला तर द्रव काठावरून सांडतो. टायट्रेशन करताना, म्हणजे ब्युरेटमधले द्रावण थोडे थोडे सोडून दुसऱ्या द्रावणातल्या पदार्थाचे प्रमाण काढताना, एका हाताने तोटी सांभाळायची आणि दुसऱ्या हाताने भांडे सतत फिरवायचे असते. म्हणूनच तिथे शंकूपात्र लागते. गोल बुडाच्या चंबूला कोपराच नसतो. त्यामुळे उष्णता सगळीकडे सारखी पसरते आणि दाबही एका जागी एकवटत नाही. बराच वेळ उकळत ठेवायचे असेल किंवा ऊर्ध्वपातन करायचे असेल, तर हा चंबू. तो आपला आपण उभा राहत नाही, हीच त्याच्या वापराची खूण: तो स्टँडला क्लॅम्पमध्ये बसवूनच वापरायचा. द्रव अचानक उसळू नये म्हणून त्यात चिनीमातीचे दोन-चार तुकडे टाकतात. त्यांच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे सहज तयार होतात आणि उकळी शांत राहते.

ज्योत आणि तिच्या आसपासची मंडळी

बन्सेन बर्नर म्हणजे एक उभी नळी, तळाशी वायू येण्याचे बारीक छिद्र आणि जरा वर हवा आत घेणारे भोक. त्या भोकावर फिरणारी कडी असते. हायडलबर्ग विद्यापीठात रॉबर्ट बन्सेन यांच्यासाठी तिथले उपकरण-कारागीर पीटर देसागा यांनी १८५५ च्या सुमारास तो बनवला. कडी फिरवून भोक बंद केले की वायूला नळीत हवा मिळत नाही, तो बाहेर येऊन अर्धवट जळतो. काजळीचे कण तापून चमकतात आणि ज्योत पिवळी दिसते. अशा ज्योतीवर भांडे धरले की बूड काळे होते. भोक उघडले की वायू आणि हवा आधीच मिसळतात, ज्वलन पूर्ण होते, ज्योत निळी आणि गरम होते.

निळ्या ज्योतीच्या आत एक फिकट निळा सुळका दिसतो. त्या सुळक्यात वायू अजून पेटलेलाच नसतो. लाकडाची एक पातळ काडी नळीच्या तोंडालगत, ज्योतीच्या आरपार आडवी धरून लगेच बाहेर काढा. काडीवर दोन काळे पट्टे उमटलेले दिसतात आणि मधला भाग कोराच राहतो. ज्योतीचे पोट थंड आहे हे एवढ्याशा काडीवर स्वच्छ दिसते. सर्वांत तप्त जागा असते ती सुळक्याच्या टोकाच्या किंचित वर. त्यामुळे भांडे नळीच्या तोंडाला चिकटवून ठेवले तर ते लवकर तापत नाही, उलट उशीरच लागतो.

पेटवताना भोक बंद ठेवायचे, कारण पिवळी ज्योत स्थिर असते आणि नीट दिसते. भोक पूर्ण उघडे असताना वायूचा जोर कमी पडला, तर ज्योत नळीतून खाली उतरते आणि तळाच्या छिद्रापाशी जळू लागते. आवाज बदलतो आणि नळी तापते. तेव्हा नळीला हात न लावता आधी वायूचा कॉक बंद करायचा.

या बिनरंगी, स्वच्छ ज्योतीमुळे रसायनशास्त्राला केवढा फायदा झाला हे कमी लोकांना माहीत असते. ज्योतीला स्वतःचा रंग नसला, की तिच्यात धरलेल्या क्षाराचा रंग उठून दिसतो: सोडियमचा पिवळा, पोटॅशियमचा जांभळट, कॅल्शियमचा विटकरी, तांब्याचा हिरवा. बन्सेन आणि गुस्ताव किर्कहॉफ यांनी अशाच ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहून १८६० मध्ये सिझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्ये शोधली. शाळेत आपण तारेच्या टोकावर मीठ घेऊन ज्योतीत धरतो, तेव्हा तीच पद्धत वापरत असतो. तार आधी हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून तापवायची, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत. नाहीतर आधीच्या क्षाराचा उरलेला कण खोटा रंग देतो, आणि त्यातही सोडियमचा पिवळा रंग बाकी सगळ्या रंगांना झाकून टाकतो.

बर्नरवर तिवई, तिवईवर तारेची जाळी. जाळीचे काम भांड्याला आधार देण्याएवढेच नाही. धातूची तार उष्णता झपाट्याने आजूबाजूला पसरवते, त्यामुळे बुडाचा एकच ठिपका भाजून निघत नाही. ही गोष्ट पाहायची असेल तर बर्नरच्या वर काही अंतरावर जाळी धरून वायू सुरू करा आणि जाळीच्या वरच्या बाजूला काडी पेटवा. ज्योत जाळीच्या वरच राहते, खाली उतरत नाही. तार इतकी उष्णता ओढून घेते की खालचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी बनवलेला सुरक्षा दिवा याच तत्त्वावर चालायचा. पूर्वी जाळीच्या मधोमध ॲस्बेस्टॉसची चकती असे. त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात, म्हणून आता तिथे सिरॅमिकची चकती असते. जुन्या, झिजलेल्या ॲस्बेस्टॉसच्या जाळ्या अजून कुठे वापरात असतील, तर त्या आधी बाजूला काढायला हव्यात. यात काटकसर नको.

परीक्षानळीत द्रव तापवताना नळी एक तृतीयांशापेक्षा जास्त भरायची नाही, तिरपी धरायची, सतत हलवत राहायचे आणि तोंड कोणाच्याही दिशेला नको, आपल्याही नाही. अरुंद नळीच्या तळाशी वाफेचा एक मोठा बुडबुडा झाला, की वरचा सगळा द्रव बाहेर फेकला जातो. घन पदार्थ तापवताना मात्र नळीचे तोंड किंचित खाली झुकवतात. मोरचुदाचे निळे स्फटिक तापवले की त्यातले पाणी वाफ होऊन निघते आणि तोंडाशी थंड काचेवर थेंबांच्या रूपात जमते. तोंड वर असते तर हेच थेंब ओघळून तापलेल्या तळावर आले असते आणि नळी तडकली असती.

काचेच्याही पलीकडचे तापमान हवे असेल तर चिनीमातीची भांडी. पसरट बाष्पनपात्रात द्रवाचा मोठा पृष्ठभाग उघडा राहतो, म्हणून पाणी लवकर उडून जाते. झाकणाची छोटी मूस थेट ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवता येते. ती चिनीमातीच्या नळ्या ओवलेल्या तारेच्या त्रिकोणावर ठेवतात आणि चिमट्यानेच उचलतात.

कोणत्या रेघेवर किती विश्वास ठेवायचा

सर्वांत जास्त घोळ मोजमापाच्या भांड्यांत होतो, त्यामुळे इथे जरा थांबू. चंचुपात्रावर रेघा असतात, मोजपात्रावर असतात, ब्युरेटवर असतात, पिपेटवर एक असते आणि मापचंबूवरही एकच. दिसायला सगळ्या रेघा सारख्या, पण त्यांचा भरवसा सारखा नाही. चंचुपात्राची १०० मिलिलिटरची रेघ साधारण ५ टक्क्यांनी चुकलेली असू शकते. म्हणजे तिथपर्यंत भरलेले पाणी ९५ असेल किंवा १०५. १०० मिलिलिटरचे मोजपात्र साधारण एका मिलिलिटरच्या आत खरे सांगते. उत्तम दर्जाची २५ मिलिलिटरची पिपेट मात्र ०.०३ मिलिलिटरच्या आत खरी असते.

हा फरक येतो कुठून? थोडा हिशेब करू. पाच सेंटिमीटर व्यासाच्या चंचुपात्रात पाण्याची पातळी एक मिलिमीटरने चुकली, तर जवळपास २ मिलिलिटरची चूक झाली. ब्युरेटची नळी आतून साधारण १.१ सेंटिमीटर रुंद असते. तिथे तेवढीच एक मिलिमीटरची चूक ०.१ मिलिलिटरच्या आत राहते. डोळा तोच, त्याची चूकही तीच, पण भांडे अरुंद झाले की तिचा परिणाम वीस पटींनी घटला. मापचंबूचे पोट मोठे आणि मान लांब, बारीक का, याचे उत्तर इथेच मिळते. २५० मिलिलिटरच्या चंबूची मान दीड सेंटिमीटर रुंद धरली, तर मानेत एक मिलिमीटर चुकणे म्हणजे सुमारे ०.१८ मिलिलिटर, अडीचशेमध्ये हजारात एक भागही नाही. द्रव साठवायला पोट, मोजायला मान. पिपेटच्या मधल्या फुग्याचे आणि वरच्या बारीक नळीचे गणितही हेच आहे.

मापचंबूवर २० अंश सेल्सिअस असे छापलेले असते. पाणी २० वरून ३० अंशांवर गेले की त्याचे आकारमान सुमारे पाव टक्क्याने वाढते. २५० मिलिलिटरमध्ये ही वाढ ०.६ मिलिलिटरच्या घरात जाते. गरम द्रावण रेघेपर्यंत भरले, तर थंड झाल्यावर ते रेघेच्या खाली जाणारच. म्हणून विरघळवताना द्रावण तापले असेल, तर ते आधी थंड होऊ द्यायचे, मग रेघ गाठायची.

काही भांड्यांवर आणखी दोन अक्षरे असतात, टी सी किंवा टी डी. मापचंबूवर टी सी असते: रेघेपर्यंत भरला की त्याच्या आत नेमके तेवढे द्रव आहे. पिपेटवर आणि ब्युरेटवर टी डी असते: त्यातून बाहेर येणारे द्रव नेमके तेवढे आहे. पिपेट रिकामी झाल्यावर टोकाशी एक थेंब राहतो. तो राहणारच हे बनवणाऱ्याने आधीच हिशेबात धरून रेघ मारलेली असते. तो फुंकला तर मापापेक्षा जास्त द्रव पडतो. टोक भांड्याच्या भिंतीला टेकवायचे, काही सेकंद निथळू द्यायचे आणि उरलेला थेंब तसाच सोडून द्यायचा. पिपेट तोंडाने ओढायची नाही, त्यासाठी रबरी फुगा असतो. द्रावण विरल आहे, एवढ्यावर ही सवय कधीच माफ होऊ नये.

आता ती सुरुवातीची ब्युरेट आणि शंकूपात्राची गोष्ट. ब्युरेटमधल्या द्रावणाची संहती, म्हणजे ठरावीक आकारमानात किती पदार्थ विरघळलेला आहे ते, आपल्याला ठाऊक असते आणि त्यातून किती मिलिलिटर सोडले यावरून आपण हिशेब करतो. आत पाण्याचे थेंब राहिले, तर द्रावण तेवढे पातळ होते, जास्त मिलिलिटर लागतात आणि उत्तर चुकते. म्हणून तिला तिच्याच द्रावणाने विसळायचे. पिपेटलाही तसेच. शंकूपात्रात आपण पिपेटने नेमके २५ मिलिलिटर आम्ल सोडतो. त्यातल्या आम्लाची मात्रा त्या क्षणी ठरून गेलेली असते. पात्रात आधीच थोडे पाणी असले, तर आम्ल पातळ होईल, पण मात्रा तेवढीच राहील आणि तिला निष्प्रभ करायला तेवढीच आम्लारी लागेल. उलट, शंकूपात्र आम्लाने विसळले आणि अर्धा मिलिलिटर भिंतीला राहिला, तर पंचवीसऐवजी साडेपंचवीस मिलिलिटर आम्ल झाले. दोन टक्क्यांची चूक, आणि तीही प्रयोग सुरू होण्याआधीच. एकदा हे उमगले की कोणते भांडे कशाने विसळायचे हे कोणाला विचारावे लागत नाही: ज्या भांड्यात संहती टिकायला हवी ते द्रावणाने, ज्यात फक्त मात्रा टिकायला हवी ते पाण्याने.

ब्युरेट भरल्यावर वरचे छोटे नरसाळे काढून घ्यायचे, कारण त्यातला एखादा थेंब मध्येच आत पडला तर पातळी वर सरकते. तोटीच्या खालच्या टोकात हवेचा बुडबुडा नको. टायट्रेशनच्या मध्यात तो निसटला, तर त्याच्या जागी द्रावण भरते. वाचन पुढे सरकते, पण तेवढे द्रावण शंकूपात्रात पडलेलेच नसते. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो, म्हणून रंग बदलायच्या बेताला आला की थेंबाथेंबाने सोडायचे. खाली पांढरी फरशी ठेवली की फिकट गुलाबी छटाही नजरेतून सुटत नाही.

वाचताना डोळा द्रवाच्या पातळीशी समपातळीत हवा. नळीत पाण्याचा पृष्ठभाग कडेला चढलेला आणि मधे खोलगट असतो. त्या खोलगटाचा तळ वाचायचा. पोटॅशियम परमँगनेटसारखे गडद द्रावण असेल तर तळ दिसतच नाही, तेव्हा वरची कड वाचतात. मोजपात्रात वरून पाहिले तर वाचन जास्त येते, कारण नजरेची रेषा पुढच्या काचेवरची खूण खऱ्या पातळीच्या वर छेदते. ब्युरेटवर तीच चूक उलटी होते: तिथे आकडे वरून खाली मोजलेले असतात, त्यामुळे वरून पाहिले तर वाचन कमी येते. तीच चूक, पण एका भांड्यात वाढवणारी आणि दुसऱ्यात घटवणारी. हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत रंजक कोडे वाटते.

गाळणकागदाची घडी

गाळण्यात वरवर विशेष काही नाही, पण गोल गाळणकागदाची घडी एकदा काळजीपूर्वक पाहण्यासारखी आहे. कागद अर्धा दुमडायचा, पुन्हा अर्धा, मग एका बाजूला तीन पदर आणि दुसऱ्या बाजूला एक असा तो उघडायचा. तयार होतो शंकू. कागदाचा अर्धाच परीघ शंकूच्या तोंडाला उरतो, म्हणून तोंडाची त्रिज्या कागदाच्या त्रिज्येच्या बरोबर निम्मी होते. तिरपी बाजू कागदाच्या त्रिज्येएवढी आणि तोंडाचा व्यासही तेवढाच, म्हणजे बाजूने पाहिले तर समभुज त्रिकोण, आणि टोकाचा कोन नेमका ६० अंश. प्रयोगशाळेतल्या नरसाळ्याचा कोनही साधारण ६० अंशच ठेवलेला असतो. कागद नरसाळ्यात चपखल बसतो तो यामुळे.

कागद पाण्याने ओला केला की काचेला चिकटतो आणि मधे हवा राहत नाही. नरसाळ्याची तिरपी कापलेली दांडी खालच्या चंचुपात्राच्या भिंतीला टेकवायची, म्हणजे द्रव भिंतीवरून सलग उतरतो आणि शिंतोडे उडत नाहीत. वरून ओतताना काचकांडी तीन पदरांच्या बाजूला लावायची, एकेरी कागद फाटू नये म्हणून. द्रव कागदाच्या काठाच्या वर चढू द्यायचा नाही, नाहीतर तो कागद चुकवून मागून निसटतो आणि साक्याचे कण गाळलेल्या द्रवात येतात.

वायू आणि त्यांच्या वाटा

वायू बनवण्याच्या मांडणीत लांब दांडीचे थिसल फनेल असते. जस्तावर विरल सल्फ्युरिक आम्ल ओतून हायड्रोजन बनवताना फनेलचे खालचे टोक आम्लात बुडलेले हवे. ते वर राहिले तर वायूला सोपी वाट मिळते आणि तो फनेलमधूनच निसटून जातो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्यावर गोळा करता येतात, कारण ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत. अमोनिया पाण्याच्या आकारमानाच्या शेकडो पटींनी त्यात विरघळतो आणि हवेपेक्षा हलकाही असतो, म्हणून तो उलट्या धरलेल्या कोरड्या वायुपात्रात गोळा करायचा. कार्बन डायऑक्साइड जड, त्यासाठी सुलटे पात्र चालते.

पाण्यावर वायू गोळा करून झाल्यावर बर्नर आधी बंद केला तर काय होईल? नळीतला वायू थंड होऊन आकुंचन पावेल, आतला दाब घटेल आणि बाहेरचा हवेचा दाब पाणी नळीतून वर ढकलेल. ते थंड पाणी तापलेल्या परीक्षानळीत शिरले की नळी फुटणार. म्हणून आधी नळी पाण्याबाहेर.

किपचे उपकरण याच दाबाचा सुंदर उपयोग करून घेते. त्याला एकावर एक तीन गोळे असतात. मधल्या गोळ्यात घन पदार्थ, वरून ओतलेले आम्ल खालच्या गोळ्यात. तोटी उघडली की आम्ल वर चढून घन पदार्थापर्यंत पोहोचते आणि वायू निघू लागतो. तोटी बंद केली की साठलेला वायू आम्लाला खाली ढकलतो, आम्ल घन पदार्थापासून दूर होते आणि क्रिया आपोआप थांबते. डच रसायनज्ञ किप यांच्या नावाने ओळखले जाणारे हे उपकरण स्वतःच स्वतःला आवरते, आणि तेही एकही हलणारा भाग न ठेवता.

बाटल्या, झाकणे आणि शेवटची धुलाई

काच बहुतेक रसायने सोसते, सगळी नाही. सोडियम हायड्रॉक्साइड काचेतल्या सिलिकावर हळूहळू क्रिया करते आणि सोडियम सिलिकेट तयार होते. काचेच्या घासीव बुचाची बाटली असेल तर ते बूच असे चिकटते की निघत नाही. म्हणून तिथे रबरी बूच किंवा प्लास्टिकची बाटली. हाच धोका ब्युरेटच्या काचेच्या तोटीला, त्यामुळे आम्लारीसाठी रबरी नळी आणि चिमट्याची ब्युरेट वापरत. रबरावर परमँगनेट आणि आयोडीन क्रिया करतात, त्यांच्यासाठी काचेची तोटी. आता टेफ्लॉनच्या तोट्या मिळतात, त्यांना दोन्ही चालते. सिल्व्हर नायट्रेट प्रकाशाने विघटते, म्हणून ते तपकिरी बाटलीत राहते.

संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या १.८४ पट जड असते. ते पाण्यात हळूहळू, काचकांडीने ढवळत ओतले तर ते खाली बुडते आणि निघालेली उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. उलट केले, आम्लावर पाणी ओतले, तर पाणी वर तरंगते, तिथल्या तिथे उकळते आणि आम्लाचे शिंतोडे तोंडावर उडवते. सुरक्षा चष्मा तेव्हा आठवून उपयोग नाही, तो आधीच डोळ्यांवर हवा. बुचात काचनळी बसवताना होणाऱ्या जखमाही टाळण्यासारख्या असतात: नळीला ग्लिसरीन लावायचे, हात जाड कापडात गुंडाळायचा, नळी बुचाच्या अगदी जवळ धरायची आणि ढकलण्याऐवजी फिरवत आत न्यायची. लांब धरून जोर लावला की नळी मधेच मोडते आणि तळहातात घुसते.

काम संपल्यावर काच खरेच स्वच्छ झाली का, हे पाणीच सांगते. विसळलेल्या भांड्याच्या भिंतीवरून पाणी सलग पातळ थरात उतरले तर काच स्वच्छ. जागोजागी थेंब अडकून बसले तर तिथे अजून तेलकट काहीतरी आहे. ब्युरेटमध्ये असे थेंब राहिले, तर वाचलेले आकारमान आणि खाली पडलेले आकारमान जुळणार नाही. शेवटचे विसळणे ऊर्ध्वपातित पाण्याने, म्हणजे सुकल्यावर नळाच्या पाण्यातल्या क्षारांचे डाग राहत नाहीत. मापाची भांडी ओव्हनमध्ये कडक तापवून सुकवायची नाहीत. ब्युरेट धुतल्यावर तोटी उघडी ठेवून स्टँडला उलटी लावावी: पाणी निथळून जाते, आणि आत आम्लारीचा अंश राहिलाच असेल तरी तोटी घट्ट चिकटून बसत नाही.